हरवलं काय, ते आधी बघ

॥ श्री ॥

रत्नागिरी,
आषाढ वद्य चतुर्दशी

चि. केतकी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू घाईत विचारलंस की 'सुवर्णपदकाने गाव दिङ्मूढ' ही टीव्हीवरच्या बातमीची पट्टी चालेल का, आणि ते 'दिङ्मूढ' की 'दिग्मूढ'. मीही घाईतच कळवलं की चालणार नाही, 'गाव हरखलं' लिही. तुझं काम झालं, माझं झालं नाही. छापखान्यात जन्मभर अक्षरांचे खिळे जुळवलेल्या माणसाच्या हातात असा शब्द देऊन तू झोपायला गेलीस. इथे पाऊस धरून बसलाय, मिरकरवाड्यात होड्या वर ओढून शाकारलेल्या आहेत, बाजारात जायची सोय नाही आणि संध्याकाळी टीव्ही आईच्या ताब्यात असतो. तेव्हा हे पत्र लांबणार. सवडीने वाच, दोन बुलेटिनांच्या मध्ये नको.

आधी शब्द फोडू. 'दिक्' म्हणजे दिशा आणि 'मूढ' म्हणजे मती गुंग झालेला. दिशांच्या बाबतीत ज्याला काही उमजेनासं झालं, तो दिङ्मूढ. आपण आलो कुठून, तोंड कुणीकडे आहे, घर कुठल्या अंगाला राहिलं, यातलं काहीच सांगता येत नाही अशी अवस्था. मूळ अर्थ एवढाच. पुढे तो पसरला. मोठा धक्का बसला, अकल्पित काही घडलं, समोरचं दृश्य डोक्यात मावेना, की माणूस दिङ्मूढ झाला असं आपण म्हणू लागलो. त्याला माझी हरकत नाही, शब्द वापरात पसरतातच. पण दिशेचा धागा अजून या शब्दात आहे आणि तो जिथे तुटतो तिथे शब्द खोटा वाजतो. पोरीने पदक आणलं तेव्हा गावाला सगळ्या दिशा चांगल्या ठाऊक होत्या. मिरवणूक स्टँडवरून निघून देवळापर्यंत गेली ना?

तुझे आजोबा गलबतावर खलाशी होते. समुद्रावरच्या माणसाला दिशा पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत, आणि आपल्या किनाऱ्यावर तर त्या फार सोप्या आहेत. जमीन पूर्वेला, सूर्य पाण्यात बुडतो ती पश्चिम. दुपारी समुद्राकडून खारा वारा, रात्री जमिनीकडून मतलई. आभाळ निवळ असेल तर ध्रुव उत्तरेला. रत्नागिरीचं अक्षवृत्त १७ अंशांचं, म्हणून तो क्षितिजापासून साधारण १७ अंशच वर दिसतो, खालीच, हेही आजोबांनी दाखवलं होतं. त्यांना अंश ठाऊक नव्हते, ते हात लांब करून बोटांनी मोजत. भगवती किल्ल्यावरची बत्ती दिसली की मग प्रश्नच नसे.

आणि यातलं काहीच न दिसण्याची वेळ यायची. पावसाची जाड सर आली की किनारा पुसला जातो, सूर्य नाही, वारा फिरतोय, चहूकडे एकच करडा रंग. ते सांगत की लाटांची भीती वेगळी, ती अंगाला कळते आणि हात आपोआप कामाला लागतात. खरी वाईट वेळ म्हणजे चार खलाशी चार बाजूंना बोट करून 'किनारा तिकडे' म्हणू लागले की. तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, तेव्हा कोणाशी बोलत नसे. होकायंत्राच्या डबीकडे बघत बसे, आणि स्वतःचं मन दुसरंच सांगत असलं तरी सुकाणू काट्याप्रमाणे धरी. घाबरलेला माणूस आणि दिङ्मूढ माणूस यांतला फरक मला तिथे कळला. घाबरलेल्याला काय टाळायचं ते माहीत असतं. दिङ्मूढाला कुठे वळायचं तेच माहीत नसतं.

आता सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर ये. आपला सडा तू दिवसा पाहिलास, पावसाळ्यानंतर फुलं बघायला मुंबईची माणसं येतात तेव्हा. रात्री तो वेगळा असतो. सपाट जांभा, झाड क्वचित, सगळीकडे तोच काळा कातळ. निवडणुकीच्या दिवसांत प्रेसमध्ये हँडबिलांची कामं रात्री उशिरापर्यंत चालत आणि मी सडा तुडवत घरी यायचो. धुकं उतरलं की कंदिलाच्या उजेडात स्वतःचे पायच काय ते दिसत. अशा रातीला माणूस तासन् तास चालतो आणि फिरून त्याच जागी येतो. त्याला आमच्याकडे चकवा लागणं म्हणतात. आई मालवणकडची, ती 'चकवो' म्हणते. तिच्या मते तो भुताचा प्रकार आहे आणि त्यावर वाद घालायचा नाही.

मी वाद घालत नाही, पण तू घालशील म्हणून सांगतो. २००९ साली यान साउमान नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच चकवा मोजला. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेचं काम. माणसांना जर्मनीतल्या सपाट दाट जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात सोडलं, सांगितलं सरळ चाला, आणि जीपीएसने त्यांची वाट टिपली. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी जंगलात गेलेली गोल गोल फिरली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली आणि त्यांना पत्ता नाही. वाळवंटात रात्री चालणारा चंद्र होता तोवर नीट गेला, चंद्र झाकला गेला आणि तो वळत वळत आल्या दिशेने निघाला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्यांची वर्तुळं तर कधी कधी २० मीटर व्यासाइतकी लहान. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस वळतो असं लोक म्हणत, तेही टिकलं नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. 'समोर' म्हणजे कुठे, याचा मनातला अंदाज पावलागणिक जरा जरा सरकतो, आणि बाहेरची खूण नसेल तर ती चूक दुरुस्त व्हायला जागाच राहत नाही.

यात आपल्या शब्दासाठी एक बारीक गोष्ट आहे, आणि ती मला कोशात सापडलेली नाही. गोल फिरणारी ती माणसं दिङ्मूढ नव्हती. ती आत्मविश्वासाने चालली होती. सड्यावरचा वाटसरूसुद्धा तासभर नुसता चुकलेला असतो. ज्या क्षणी तोच गडगा, तोच मोडका पायठा पुन्हा समोर येतो आणि 'हे कसं काय?' असं होतं, त्या क्षणी तो दिङ्मूढ होतो. वाट हरवणं पुरेसं नाही, हरवल्याचं भान यावं लागतं, आणि ते एकदम यावं लागतं. म्हणून 'सरकार या प्रश्नावर गेली काही वर्षं दिङ्मूढ आहे' असं कोणी लिहिलं तर ते खोडत जा. वर्षानुवर्षं चुकत राहणाऱ्याला दुसरे शब्द आहेत.

तसंच काळाचं. आपल्या थिबा राजाचं घे. १८८५ साली इंग्रजांनी त्याला ब्रह्मदेशाच्या गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी इथे रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि १९१६ साली तो इथेच वारला. राजवाड्याच्या गच्चीवरून तो समुद्र बघत बसे, असं गावात सांगतात. मंडालेच्या वाड्यातून निघताना तो दिङ्मूढ झाला असेल, मी खुशाल लिहीन. पण तीस वर्षं कोणी दिङ्मूढ राहत नाही. तेवढ्या काळात माणूस खंगतो, निवतो, नाहीतर रुळतो.

आता या शब्दाचा चुलतभाऊ. तुमच्या डेस्कवर हिंदी कॉप्या येतात तेव्हा त्यात 'किंकर्तव्यविमूढ' सापडत असेल. मराठीत आपण बहुधा 'वि' गाळतो आणि 'किंकर्तव्यमूढ' म्हणतो. 'वि' ठेवला म्हणून चूक होत नाही, पण हिंदीचा वास येतो. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्याच्या पोटात एक अख्खा प्रश्न बसलाय: 'किं कर्तव्यम्?', काय करावं? तो प्रश्न पडून जागीच अडकलेला तो किंकर्तव्यमूढ. लोक दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात आणि पुष्कळदा चालूनही जातं. पण ते एक नव्हेत, आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा गीतेत आहे. आजीमुळे माझे काही अध्याय पाठ झाले, त्याचा उपयोग हा असा.

पहिल्या अध्यायात अर्जुन स्वतःच रथ दोन सैन्यांच्या मध्ये न्यायला सांगतो. कोण कुठे उभा आहे ते एकेक करून बघतो. पितामह तिथे, आचार्य तिथे. दिशांची त्याला काडीची शंका नाही. उलट सगळं नको इतकं स्वच्छ दिसतंय आणि त्यामुळेच गांडीव हातातून गळतंय. दुसऱ्या अध्यायात सातव्या श्लोकात तो स्वतःला 'धर्मसम्मूढचेताः' म्हणतो, धर्म काय ते कळेनासं झालेला. हा किंकर्तव्यमूढ. आता अकराव्या अध्यायात ये. विश्वरूप पाहिल्यावर, पंचविसाव्या श्लोकात तोच माणूस म्हणतो, 'दिशो न जाने न लभे च शर्म'. मला दिशा कळत नाहीत, मला थारा नाही. तिथे काय करावं हा प्रश्नच उरलेला नाही, आधी कुठे आहोत तेच गेलं. एकच माणूस, एकच रणांगण, मधे आठ अध्याय, आणि दोन वेगळ्या अवस्था.

गीता लांबची वाटत असेल तर चिपळूण घे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आत्याचं घर तळमजल्यासकट पाण्यात होतं हे तुला आठवतंय. वाशिष्ठीचं पाणी चढलं, वीज गेली, ती सगळी वरच्या मजल्यावर. आत्या नंतर सांगत होती की गॅलरीतून खाली बघितलं तर रस्ता कुठला आणि गटार कुठलं, समोरच्यांचं दुकान कुठे, काहीच ठरवता येईना. जन्म त्या गल्लीत गेला, पण खिडकीतून बघताना आपण परक्या गावात आहोत असं वाटलं. हे दिङ्मूढ होणं. मग पाणी ओसरलं. गल्ली जागच्या जागी होती, दुकान समोरच होतं, सगळ्या खुणा ओळखीच्या होत्या, फक्त प्रत्येक वस्तूवर गुडघाभर चिखल. फ्रिज आडवा, धान्य भिजलेलं, कागदपत्रांचा लगदा. झाडू हातात घेऊन ती उंबऱ्यात नुसती उभी राहिली, कारण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. 'पाणी होतं तेव्हा बरं होतं रे, नुसतं बघायचं होतं,' असंही म्हणाली. ते उंबऱ्यातलं उभं राहणं म्हणजे किंकर्तव्यमूढ. पुराच्या रात्रीच्या बातमीत पहिला शब्द घाल, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दुसरा, आणि बघ वाचणाऱ्याला फरक जाणवतो की नाही.

यातून मी माझ्यापुरती एक रीत ठरवलीय. असा शब्द निवडायची वेळ आली की माणसाचं नेमकं काय हरवलंय ते आधी बघायचं. आपल्या भाषेने त्यासाठी वेगवेगळे कप्पे करून ठेवलेत आणि आपण सगळं एकाच कप्प्यात कोंबतो. वाचा गेली तर अवाक. (हा शब्द संस्कृतात पाय मोडून लिहितात. मराठीत १९६२ च्या नियमांप्रमाणे पाय न मोडता लिहायचा, 'कदाचित' आणि 'क्वचित' लिहितो तसा.) हालचाल थांबली तर स्तब्ध. अक्कल चालेना तर हतबुद्ध. काहीच उरलं नाही तर सुन्न, कारण सुन्न म्हणजे शून्यच, प्राकृतातून घासून आलेलं. म्हणून मरणाच्या बातमीवर 'सुन्न' शोभतो आणि 'थक्क' शोभत नाही. थक्क व्हायला समोर कौतुकाचं काहीतरी लागतं. 'हतप्रभ' मात्र सगळे चुकीचा वापरतात. प्रभा म्हणजे तेज. ज्याचं तेज गेलं तो हतप्रभ, गोंधळलेला नव्हे. निवडणूक हरलेला पुढारी हतप्रभ होऊ शकतो, त्याला दिशा मात्र चांगल्या समजतात, दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या पक्षात दिसतो.

'स्तिमित' तर गमतीचा आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ ओला, भिजलेला, आणि दुसरा निश्चल. मराठीने फक्त दुसरा घेतला आणि त्याला आश्चर्याचा रंग दिला. आता कोणी पावसात स्तिमित होऊन घरी आलं असं लिहिलं तर व्याकरणाने बरोबर ठरेल आणि लोक हसतील.

हे सगळे संस्कृत घराण्याचे. घरातले शब्द वेगळे आणि ते जास्त कामाचे. परीक्षेत पेपर बघून पोर भांबावतं, ते दिङ्मूढ होत नाही. नवी सून पहिल्या दिवशी बावरते. सायबाने अचानक विचारलं की कारकून गांगरतो. कोडं घातलं की माणूस बुचकळ्यात पडतो, आणि त्या शब्दात मला बुचकळीच दिसते, पाण्यात डोकं दाबून वर काढलेला माणूस. हिशेब बघून डोकं चक्रावतं, आणि तुमच्या पिढीचं भंजाळतं. भंजाळणं मला आधी आवडलं नव्हतं, आता आवडतं. आई यातला एकही वापरत नाही. तिचं म्हणजे 'माका काय सुचणा नाय', बस. त्यात सगळं येतं. तेव्हा 'दिङ्मूढ' हा राखून ठेवायचा शब्द आहे. इंग्रजी कॉपीत 'स्टन्ड' दिसलं की लगेच तो उचलू नकोस. शेअर बाजार कोसळला की गुंतवणूकदार हबकतात, क्रिकेटमध्ये अनपेक्षित हरलो की प्रेक्षक चुटपुटतात, चिडतात. दिङ्मूढ होण्यासाठी पायाखालची जमीन नाही, तर भोवतालचा नकाशा जावा लागतो.

एक शंका तुझ्या मनात येईल, की 'मूढ' ही शिवी आहे, मग पूरग्रस्ताला दिङ्मूढ म्हणणं अपमानाचं नाही का? नाही. नुसता 'मूढ' हा स्वभावावर शिक्का आहे. 'दिङ्मूढ' ही अवस्था आहे, आली तशी जाणारी. शहाण्यातला शहाणा तिच्यात सापडतो, किंबहुना शहाण्यालाच ती जास्त जाणवते, कारण एरवी त्याला दिशा पक्क्या असतात.

आणि या 'मूढ'ला एक जुळी बहीण आहे, तिचं नाव ऐकून तुला गंमत वाटेल. प्रेसमध्ये एक शास्त्रीबुवा स्वतःच्या पुस्तिकेची प्रूफं तपासायला यायचे. चहा घेत नसत, पण बोलायला लागले की मशीन बंद ठेवावं लागे. त्यांनी सांगितलं की 'मुह्' या धातूपासून 'मूढ' होतो आणि 'मुग्ध'ही होतो. पाणिनीने त्यासाठी सूत्र दिलंय, 'वा द्रुहमुहष्णुहष्णिहाम्', आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं तेहतिसावं. त्यातला 'वा' म्हणजे विकल्प. हवं तर हे, हवं तर ते. म्हणजे संगीत ऐकून मुग्ध झालेला रसिक आणि धुक्यात मूढ झालेला वाटसरू एकाच घरातले. दोघांचंही भान गेलेलं, एकाचं सुखाने, एकाचं नाइलाजाने. तुझ्या गावकऱ्यांना मुग्ध म्हटलं असतंस तर निदान घराणं तरी राहिलं असतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही शास्त्रीबुवांच्याच दुसऱ्या एका 'वा'मध्ये आहे. 'दिक्'पुढे 'म' आला की 'क'चा आधी 'ग' होतो, आणि मग पुढच्या 'म'च्या नाकातल्या उच्चाराने तो ओढला जाऊन 'ङ' होतो. वाक् आणि मय मिळून वाङ्मय होतं तसंच. पण तिथेही सूत्र 'यरोऽनुनासिकेऽनुनासिको वा' असं आहे, पुन्हा विकल्प. म्हणून संस्कृताच्या हिशेबाने 'दिग्मूढ' हेही शुद्धच. आमचे मालक 'दिग्मूढ' दिसलं की लाल पेन्सिल घेऊन उठत. शास्त्रीबुवांनी त्यांना हे ऐकवलं, त्या दिवशी पेन्सिल खाली राहिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मराठीने पुढे 'दिङ्मूढ' पसंत केला आणि छापील मजकुरात तोच रुळला, म्हणून तू तोच वापर. पण कोणी 'दिग्मूढ' लिहिलं तर त्याला अडाणी समजू नकोस.

'वाङ्मय'मध्ये मात्र ही सवलत नाही. 'मय' हा प्रत्यय असल्यामुळे तिथे ङ नित्य आहे, 'वाग्मय' चालत नाही.

खरा घोटाळा उच्चाराचा नाही, अक्षराचा आहे. ङ हे आमच्या केसमधलं, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीतलं, सगळ्यात पोरकं घर होतं. मराठीत त्याला काम किती? वाङ्मय, पराङ्मुख, दिङ्मूढ, संपलं. 'अंक' आणि 'शंख' यांत उच्चार त्याचाच आहे, पण तिथे आपण अनुस्वार देऊन भागवतो. इथे तसं भागत नाही, कारण अनुस्वार पुढच्या व्यंजनाच्या वर्गाचा उच्चार घेतो. 'दिंमूढ' लिहिलंस तर वाचणारा 'दिम्मूढ' वाचील. एरवी त्या घरातले खिळे वर्षभर धूळ खात पडत, आणि कॉलेजच्या वाङ्मय मंडळाचा अंक आला की दोन पानांत संपत. मग काय करायचं? ड घ्यायचा आणि शेजारी टिंबाचा खिळा सरकवायचा. उलटी अक्षरं वाचायची आम्हाला सवय, आम्हाला ते चालून जाई. छापून आल्यावर कधी टिंब उठत नसे, आणि वाचकाच्या हातात 'वाड्मय' पडत असे. आज कित्येक पाट्यांवर 'वाड्मय' आणि 'दिड्मूढ' दिसतं. त्यातलं काही पाप आमच्या पिढीच्या खिळ्यांचं आहे आणि काही तुमच्या मोबाइलचं. तुमच्याकडे तर तिसराच प्रकार असतो, हिंदीतला ड़, ठिपका खाली असलेला. आपल्या ङ चा ठिपका उजव्या बाजूला असतो. दिसायला भावंडं वाटली तरी कॉम्प्युटरला ती वेगळी अक्षरं आहेत. युनिकोडमध्ये ङ चा क्रमांक ०९१९ आणि ड चा ०९२१. म्हणजे तू ड घालून बातमी साठवलीस तर उद्या 'दिङ्मूढ' शोधणाऱ्याला ती सापडणार नाही.

व्याकरणाचं बाकी सोपं आहे. विशेषण आहे, लिंग-वचनाने बदलत नाही. तो, ती, ते सगळे दिङ्मूढच होतात. नाम हवं तर 'दिङ्मूढता' आहे, पण ते पट्टीवर घालू नकोस, कोणी वाचेपर्यंत बातमी सरकून जाईल. 'दिङ्मूढ अवस्था' लिहितात त्यात अवस्था फुकटची आहे. आणि 'दिङ्मूढ करणारे आकडे' असं अर्थसंकल्पाच्या दिवशी कोणी लिहिलं तर जरा बघ, आकडे इतके आहेत का, की वाचणाऱ्याने कुठल्या आकड्याकडे बघावं तेच कळेना. तसं असेल तर राहू दे. नुसता आकडा मोठा असेल तर 'डोळे फिरवणारा' पुरे.

आईचा गुडघा बरा आहे. तिने तुझ्यासाठी सांडगी मिरच्या आणि आमसुलं बांधून ठेवलीत. शेजारचा मुलगा चतुर्थीच्या आधी मुंबईला येईल, त्याच्याकडे देतो. गणपतीला रजा मिळणार की नाही ते कळव, तिकिटाला मग उशीर होतो.

तुझा,
बाबा

ता. क. तुझ्या ऑफिसात इनस्क्रिप्ट कळफलक असेल तर 'ह'ची कळ शिफ्टसह दाब, ङ येतो. मग हलन्त, मग म. शेजारच्या मुलाने काल मला हे शोधून दिलं.